कॅम्पर व्हॅनमधली दुसरी बॅटरी का उतरते?

चाकांवरचे घर घेऊन भटकण्याची हौस युरोप आणि ऑस्ट्रेलियात जुनी आहे. फोक्सवॅगनच्या गाड्यांवर जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने १९५० च्या दशकापासून बांधलेल्या कॅम्पर व्हॅन तेथील रस्त्यांवर आजही दिसतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आपल्याकडेही या वाहनांविषयी कुतूहल वाढले. मात्र या घरातील एक तक्रार सर्वत्र सारखीच असते. दिवसभर गाडी चालवूनही रात्री दिवे मंदावतात, फ्रीज कोमट होतो आणि सकाळी कधी कधी सेल्फही लागत नाही. फ्रीजमध्ये दूधभाजी असेल तर नुकसान थोडे; पण एखाद्या प्रवाशाचे इन्सुलिन असेल तर प्रश्न गंभीर होतो.

दोन बॅटऱ्या, दोन रिले

कॅम्परमध्ये एक बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी दिवे, पाण्याचा पंप यांसाठी असते. दोन्ही भारित करण्याचे काम एकच अल्टरनेटर करतो. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडाव्यात आणि बंद होताच विलग कराव्यात, यासाठी मध्ये रिले बसवतात. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका. अल्टरनेटरच्या ‘डी प्लस’ या टोकाकडून इशारा मिळाला की तो जुळतो. म्हणजे इंजिन सुरू झाल्यानंतरच जोडणी होते आणि सेल्फचा प्रचंड प्रवाह मधल्या बारीक वायरीतून वाहत नाही.

फ्रीजसाठी निराळा रिले असतो. जुन्या कॅम्परमधील फ्रीज बहुधा गॅस, घरगुती वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालतो. प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडिश अभियंत्यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर तो आधारलेला आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेच्या साहाय्याने अमोनिया खेळवून थंडावा निर्माण होतो. ही उष्णता देणारी कॉइल १२ व्होल्टवर सुमारे ८ ते १० अँपिअर प्रवाह खाते. ७५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी त्यामुळे साधारण चार ते पाच तासांत निम्मी रिकामी होते. म्हणूनच १२ व्होल्टवरचा फ्रीज केवळ गाडी धावताना चालावा आणि त्याची वायर सेल्फच्या बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज व रिलेमार्फत यावी, असा संकेत आहे. ती दुसऱ्या बॅटरीवरून घेतली, तर भारणाचा आणि फ्रीजचा प्रवाह एकाच वायरीतून जातो. परिणामी बॅटरी नीट भरत नाही आणि फ्रीजही नीट थंड होत नाही.

दोष कसा शोधावा?

सुटे भाग बदलत बसण्यापूर्वी साधा मल्टिमीटर हाती घ्यावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर शिसे-आम्ल बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी समजावी. मग इंजिन सुरू करावे. सेल्फच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर अल्टरनेटर ठीक आहे. त्याच वेळी दुसरी बॅटरी जुन्याच आकड्यावर अडून राहिली, तर दोष मधल्या फ्यूजमध्ये, जोडात किंवा रिलेत आहे.

रिलेच्या टोकांवर जर्मन मानकानुसार क्रमांक असतात. ३० वर बॅटरीची वीज येते आणि ८७ वरून पुढे जाते. ८५ व ८६ ही आतील कॉइलची टोके. इंजिन चालू असताना ८५ आणि ८६ यांच्यामध्ये व्होल्टेज मिळत नसेल, तर इशाऱ्याची वायर किंवा अर्थ तुटलेला आहे. व्होल्टेज आहे पण ‘टक’ असा आवाज येत नाही, तर कॉइल जळाली असण्याची शक्यता अधिक. आवाज येतो, ३० वर वीज आहे आणि ८७ वर नाही, तर आतील पॉइंट जळाले आहेत.

याउलट, इंजिन बंद केल्यावरही फ्रीज चालू राहत असेल तर रिले काढून पाहावा. फ्रीज थांबला तर रिलेचे पॉइंट चिकटलेले असतील किंवा इशाऱ्याची वायर चुकीच्या जागी जोडलेली असेल. तरीही चालू राहिला, तर कोणीतरी रिलेला वगळून थेट वायर ओढली आहे.

फ्रीज चालतो, पण थंड होत नाही, ही तक्रार बहुधा बारीक वायरीमुळे उद्भवते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १० अँपिअर प्रवाह जाता-येता मिळून १० मीटर गेला, तर सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १२ व्होल्टवर १२० वॅट देणारी कॉइल ११ व्होल्टवर जेमतेम १०० वॅट देते. म्हणून मोजणी फ्रीज चालू ठेवून, त्याच्या टोकांपाशीच करावी. गंजलेला जोड भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवून फसवतो.

नव्या गाड्यांचे निराळे गणित

इंधन वाचवण्यासाठी अलीकडच्या अनेक गाड्यांत संगणकच अल्टरनेटरचे व्होल्टेज कमीजास्त करतो. तेथे सगळी जोडणी निर्दोष असूनही साध्या रिलेने दुसरी बॅटरी भरत नाही. अशा गाडीत रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर तिला साजेसाच चार्जर निवडणे आवश्यक आहे.

काम कोणतेही असो, आधी ऋण टोक सोडवावे आणि प्रत्येक धन वायरीला बॅटरीजवळच फ्यूज आहे याची खात्री करावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. फ्यूज वायरीचे रक्षण करतो; तो वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला की आधी वायर तापते आणि लाकडी फर्निचर व गॅसची टाकी असलेल्या गाडीत आगीला तेवढे निमित्त पुरते.