एकादशीच्या दिवशी यकृत काय करतं

आमच्या प्रयोगशाळेतले मामा माळकरी होते. एकादशीला पाण्याशिवाय तोंडात काही घालत नसत. पहिल्या वर्षाच्या मुलांचं लघवी तपासण्याचं प्रॅक्टिकल नेमकं त्या दिवशी आलं, की मला आयता धडा मिळायचा. मामा स्वतःहून नमुना आणून देत. दुसरी नळी वर्गातल्या एखाद्या उपवासवाल्या मुलीची असे. तिचाही उपवासच, फक्त सकाळपासून साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि शिंगाड्याचा शिरा झालेला.

रोथेरा टेस्ट दिसायला सोपी, पण हात स्थिर हवा. पाच मिलिलिटर लघवीत अमोनियम सल्फेट घालत राहायचं, तळाशी न विरघळलेले खडे दिसेपर्यंत. मग नायट्रोप्रुसाइडचा एक स्फटिक. नीट हलवून नळी तिरकी धरायची आणि कडेकडेने अमोनिया असा सोडायचा, की तो खालच्या द्रवात न मिसळता वर थर धरून राहील. घाई केली तर दोन्ही एकत्र होतात आणि डोळ्यांत पाणी येतं ते वेगळंच. दोन थरांच्या सांध्यावर जांभळं कडं उमटलं, की लघवीत कीटोन आहेत.

मुलीच्या नळीत काही नाही. मामांच्या नळीत मिनिटभराने पुसट जांभळी रेघ. जणू नापास झाल्यासारखा तिचा चेहरा. “एकादशी अन् दुप्पट खाशी,” मामा हसून म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, “मामा, दिवसभर उपाशी राहून चक्कर नाही येत?” “माउली आहे की,” मामा म्हणाले. मी म्हणाले, “माउली आहेच. सोबत यकृत पण आहे.”

बायोकेमिस्ट्री म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना बाणांचं जंगल वाटतं. हॉस्टेलच्या भिंतीवर चयापचयाचा तो भलामोठा तक्ता चिकटवलेला, शेकडो नावं, शेकडो बाण. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी, पेपर झाला की पाटी कोरी. त्यात मुलांची चूक कमी आणि आमची शिकवण्याची जास्त. आम्ही तक्ता डावीकडून उजवीकडे शिकवतो: काय आहे, त्यानंतर काय आहे. माझं मत असं झालंय, की आधी काय नाही ते शिकावं. कोणत्या पेशीत कोणतं एन्झाइम नाही, एवढं चार-पाच ठिकाणी पक्कं कळलं, तर निम्मा तक्ता आपोआप समजतो. मामांचा उपवास हा त्यासाठी उत्तम रस्ता.

आदल्या रात्री साडेआठला जेवण झालं. मध्यरात्रीपर्यंत ते जेवणच पुरतं. त्यानंतर? संपूर्ण रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहात घालायची चमचाभर साखर. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं, तासाला ५. म्हणजे भरपाई झाली नाही, तर रक्तातली साखर मेंदू तासाभरात एकटाच फस्त करील. तांबड्या पेशींची गरज वेगळी. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाच नाहीत, त्यामुळे ग्लुकोजवाचून त्यांचं चालतच नाही.

भरपाई करतं यकृत. त्याच्या कोठीत साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, एकाला एक जोडून गुंडाळून ठेवलेलं ग्लुकोज. हे कळलं ते क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञामुळे. १८५५ साली त्यांनी प्राण्याचं यकृत काढून त्याच्या शिरेतून पाणी सोडलं, साखरेचा मागमूस न उरेपर्यंत धुतलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात, तर त्यात पुन्हा साखर. प्राणी मेलेला, रक्त धुऊन गेलेलं, बाहेरून काही आलेलं नाही; म्हणजे साखर यकृताने आतूनच काढली. १८५७ मध्ये त्यांनी तो साठा वेगळा करून दाखवला. बायोकेमिस्ट्रीची सुरुवात मुलांनी या धुतलेल्या यकृतापासून करावी असं मला फार वाटतं. अभ्यासक्रमात त्याला जागा नसते.

आता पहिलं ‘नाही’. ग्लायकोजेन स्नायूंतही असतं, आणि यकृताच्या चौपट, सुमारे ४०० ग्रॅम. मग उपवासात स्नायू मेंदूला चार घास का देत नाहीत? कारण पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेटची गाठ मारली जाते, आणि गाठ असलेलं ग्लुकोज पेशीच्या दारातून बाहेर पडत नाही. गाठ सोडणारं एन्झाइम म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. ते यकृतात आहे, मूत्रपिंडातही आहे, पण तिथे साठा नसल्यात जमा. स्नायूंत ते नाहीच. स्नायूचं धान्य स्नायूलाच खावं लागतं. फार तर ते अर्धवट वापरून लॅक्टेट बाहेर टाकलं, तर यकृत ते उचलून पुन्हा ग्लुकोज बनवतं. हा फेरा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याला १९४७ चं नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या गर्टी पहिल्या महिला. १९५२ साली त्यांनी दाखवलं, की फोन गिर्के नावाच्या आजारात मुलांच्या यकृतातच हे एन्झाइम नसतं. कोठी तुडुंब भरलेली, यकृत फुगून पोट पुढे आलेलं, आणि दोन जेवणांत थोडं अंतर पडलं, की रक्तातली साखर कोसळून मूल निपचित. एक एन्झाइम नाही म्हणजे काय होतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही.

या मुलांवरचा एक उपचार मी खिचडीवाल्यांना आवर्जून सांगते. १९८४ पासून त्यांना मक्याचं पीठ देतात, मक्याचा नुसता स्टार्च, तोही कच्चा, थंड पाण्यात कालवून. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, आतड्यातलं अमायलेज ते हळूहळू कुरतडतं आणि तासन् तास थोडं थोडं ग्लुकोज मिळत राहतं. तेच शिजवून दिलं, तर उपयोग नाही. कण फुलून उकलतात आणि सगळी साखर एकदम येते. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. भिजवून, तुपावर वाफवून केलेली खिचडी पोटात गेली, की ग्लुकोज झपाट्याने रक्तात, इन्शुलिन वर, यकृताची कोठी बंद. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो उपवास असेल, त्यावर मी बोलणार नाही. यकृताला मात्र त्याची खबरही लागत नाही.

मामांच्या यकृताला लागली होती. दुपारपर्यंत कोठी निम्म्याहून रिकामी, म्हणून दुसरं काम जोरात: नव्याने ग्लुकोज तयार करणं. कच्चा माल म्हणजे लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल आणि स्नायूंच्या प्रथिनांतून निघालेली अमिनो आम्लं. इथे मुलं हमखास विचारतात, “मॅडम, एवढी चरबी अंगावर आहे, तिचीच साखर का करत नाही?” प्रश्न अगदी रास्त. अंगाने किरकोळ माणसाजवळही काही किलो चरबी असते. पण इथे दुसरं ‘नाही’ आडवं येतं. चरबीतली मेदाम्लं तुटून ॲसिटिल-कोए होतं, आणि तिथून मागे ग्लुकोजकडे जायला आपल्यात वाट नाही. ग्लुकोज तुटून झालेल्या पायरुव्हेटचं ॲसिटिल-कोए होतं, उलट होत नाही. ॲसिटिल-कोए क्रेब्जच्या चक्रात शिरलं, तर जेवढे कार्बन आत गेले तेवढे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात, शिल्लक शून्य. (हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ साली शेफील्डमध्ये मांडलं. ‘नेचर’ने त्यांचं टिपण जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. जर्नलकडून नकार आलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.)

गंमत अशी, की खिचडीतल्या शेंगदाण्याला मात्र ही वाट आहे. दाणा रुजत घातला, की तो स्वतःतल्या तेलाची साखर करून कोंब वाढवतो. त्याच्याजवळ कार्बन न गमावता जाणारा एक आडमार्ग आहे. तो १९५७ मध्ये हान्स कोर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी आधी सूक्ष्मजीवांत दाखवला. त्या मार्गाची दोन एन्झाइमं आपल्यात नाहीत. शेंगदाण्याला जे जमतं ते आपल्याला जमत नाही, एवढं मुलांच्या लक्षात राहिलं, तर तो धडा वर्षभर पुरतो.

मग यकृत तोडगा काढतं. साखर होत नाही ना, तर ॲसिटिल-कोएचे दोन-दोन तुकडे जोडून कीटोन करायचे. ते पाण्यात विरघळतात, रक्तातून कुठेही जातात. हृदय, स्नायू ते जाळतात. उपास लांबला, तर मेंदूसुद्धा. बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये हे सिद्ध केलं, काही आठवडे उपाशी असलेल्या स्थूल माणसांच्या मेंदूतून परतणारं रक्त तपासून. मेंदू कीटोनवर आला, की ग्लुकोजची मागणी घटते आणि स्नायूंची प्रथिनं वाचतात. नाहीतर दीर्घ उपासमारीत माणूस स्नायू झिजून लवकर संपला असता.

आणि तिसरं ‘नाही’, माझं सगळ्यांत आवडतं: कीटोन बनवणाऱ्या यकृताला स्वतःला कीटोन वापरता येत नाहीत. त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्यातच नाही. वाढप्याला पंगतीत पान नाही, म्हणून पंगत जेवते. यकृत स्वतःचं काम मेदाम्लांवर भागवतं.

टेस्टलाही एक ‘नाही’ आहे. रोथेरात दिसतात ॲसिटोॲसिटेट आणि ॲसिटोन. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाही. मधुमेहात इन्शुलिन जवळजवळ संपून कीटोन बेसुमार वाढतात, तेव्हा तेच जास्त असतं. रुग्ण धापा टाकतोय, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतोय आणि नळीतलं कडं मात्र बेताचंच, असं होऊ शकतं. नुसत्या कड्याच्या भरवशावर बसलेला डॉक्टर तिथे फसतो. मामांची जांभळी रेघ म्हणजे रिकाम्या कोठीची नोंद. त्या रुग्णाच्या रक्तात साखर ओसंडत असते आणि पेशी तरी उपाशी. एकाच रंगाचे हे दोन अर्थ मुलांना तिसऱ्या वर्षी वॉर्डात भेटतात. तेव्हा त्यातली काही परत येऊन सांगतात, मॅडम, मामांची नळी आठवली.

द्वादशीला सकाळी मामांनी न मागता पुन्हा नमुना आणून दिला. अमोनिया सोडला, पाच मिनिटं थांबलो. रंग नाही.

“काय खाऊन उपास सोडला, मामा?” त्या खिचडीवाल्या मुलीने विचारलं.

“वरणभात,” मामा म्हणाले आणि नळ्या धुवायला घेऊन गेले.