अरुंद रुळांवरील आगगाडीचे चित्रीकरण

चीनच्या सिचुआन प्रांतातील लेशान नगर तेथील प्रचंड बुद्धमूर्तीमुळे प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या कड्यात कोरलेली ही मूर्ती एकाहत्तर मीटर उंच आहे. परंतु लेशानला येणारे काही प्रवासी मूर्तीपाशी फार वेळ थांबत नाहीत. खांद्यावर कॅमेरा आणि तिवई घेऊन ते दक्षिणेकडील डोंगरांची वाट धरतात. तेथे ज्यायांग कोळसाखाणीची एक लहानशी आगगाडी आहे. तिचे चित्रीकरण करण्यासाठी हे लोक हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेले असतात.

चीनच्या मुख्य लोहमार्गांवर दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. ज्यायांगच्या मार्गावर ते अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट आहे. आपल्याकडील जुन्या बार्शी लाइट रेल्वेचे मापही हेच होते. अरुंद मार्गाला जागा थोडी लागते, खर्च कमी येतो आणि डोंगरातील आखूड वळणे त्याला सहज घेता येतात. म्हणूनच ईशान्य चीनच्या अरण्यांतून लाकूड आणण्यासाठी आणि ठिकठिकाणच्या खाणींतून कोळसा वाहण्यासाठी असे मार्ग मोठ्या संख्येने घातले गेले.

पुढे काळ पालटला. १९९८ च्या महापुरांनंतर चीनने नैसर्गिक अरण्यांतील वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. लाकूडच येईनासे झाल्यावर अरण्यातील गाड्यांना काम कोठून मिळणार? इतरत्र पक्क्या सडका झाल्या आणि गाडीचे ओझे मालमोटारींनी उचलले. आंतर मंगोलियातील जीतोंग मार्गावरून वाफेच्या इंजिनांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २००५ च्या अखेरीपर्यंत धावत होत्या. त्याही थांबल्या, तेव्हा वाफेच्या इंजिनांचे चाहते खाणींच्या आणि खेड्यांच्या ह्या लहान मार्गांकडे अधिकच ओढीने वळले.

ज्यायांगचा मार्ग १९५८ साली बांधावयास घेतला आणि १९५९ साली त्यावरून गाडी धावू लागली. त्याची लांबी वीस किलोमीटरांहून किंचित कमी आहे, पण तेवढ्यात सहा बोगदे आणि शंभरांहून अधिक वळणे आहेत. इंजिनाला आठ चाके असतात. कोळसा आणि पाणी त्याच्यामागील जोडगाडीत भरलेले असते. गावकऱ्यांच्या साध्या डब्यांच्या खिडक्यांना काचा नसत, त्यामुळे बोगद्यात शिरताच धूर थेट आत येई.

अशा गाडीचे चित्र घेणे वाटते तितके सोपे नाही. वाफ स्वतः डोळ्यांना दिसत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. ती थंड हवेत मिसळली, की तिचे सूक्ष्म जलकण होतात आणि आपल्याला दिसतो तो त्यांचाच पांढरा ढग. म्हणून जाणता चित्रकार हिवाळ्यातील सकाळ निवडतो. तो उभा राहतो तोही चढापाशी. उतारावर इंजिन जवळजवळ मुकाट्याने घरंगळत जाते. चढावर मात्र त्याला सारे बळ लावावे लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर धुराड्यातून चार फुसकारे ऐकू येतात. हा आवाज चित्राइतकाच मोलाचा. पाहणाऱ्याने डोळे मिटले, तरी चढ कोठे अवघड झाला हे त्याला त्या फुसकाऱ्यांवरून कळले पाहिजे. म्हणून गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी यंत्र सुरू करावे लागते आणि ती दृष्टीआड झाल्यावरही काही वेळ चालू ठेवावे लागते.

मीफंगयान हे स्थानक चित्रकारांचे विशेष आवडते आहे. ह्या नावाचा अर्थ 'मधमाश्यांचा कडा'. येथे डोंगर इतका उभा आहे, की वळण घेण्यास जागाच नाही. म्हणून गाडी स्थानकात येऊन थांबते, इंजिन सोडतात, ते शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि मग गाडी आल्या दिशेला पाठ न फिरवता उलटी निघून वरच्या मार्गाला लागते. 'माणूस' ह्या अर्थाचे चिनी अक्षर वर जुळलेल्या दोन तिरक्या रेघांनी लिहितात. मार्गाचा आकार तसाच दिसतो, म्हणून चिनी लोक अशा मार्गाला त्याच अक्षराचे नाव देतात. आकड्या काढणारे, सांधे बदलणारे, कोळसा ओढणारे असे सारे हात येथे थोड्या वेळात पाहावयास मिळतात. केवळ धुराच्या लोटांमागे लागलेले पुष्कळ चित्रकार नेमके हेच टिपावयाचे विसरतात, हे खेदाने म्हणावे लागते.

आणि गावकरी? मार्गाच्या शेवटाकडे बागोऊ नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. वाटेतील खेड्यांना दीर्घ काळ मोटारीचा रस्ता नव्हता. भाजीच्या करंड्या, कोंबड्या, डुकराची पिले, शाळकरी मुले आणि आजारी माणसे ह्या सर्वांना हीच गाडी नेई. पाहुण्याला वाटते, गाडी आहे तशीच राहावी. ज्याच्या घरी रात्री कोणी आजारी पडते, त्याला मात्र रस्ता हवा असतो आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. चित्रात इंजिनाबरोबर करंड्या घेऊन चढणारी म्हातारी दिसली नाही, तर ही गाडी कशासाठी होती हे पुढच्या पिढीला कळणार नाही.

२००६ साली लेशानच्या प्रशासनाने ह्या मार्गाला औद्योगिक वारसा म्हणून संरक्षण दिले. त्यानंतर प्रवाशांसाठी वेगळ्या गाड्या निघू लागल्या. वसंतात मोहरीसारखी पिवळी फुले शेतोशेती फुलतात, तेव्हा त्यांना मोठी गर्दी होते. ही गाडी शेताजवळ थांबते, पाहुणे उतरून रांगेत उभे राहतात, गाडी मागे जाते आणि भरपूर धूर सोडीत पुन्हा पुढे येते. चित्र देखणे येते, परंतु ते मुद्दाम घडविलेले असते. बाजाराला निघालेली साधी गाडी अशी कोणासाठी मागे येत नसे. तिवई उभारण्यास ज्याला क्षणभर उशीर झाला, त्याच्या हाती केवळ बोगद्याच्या तोंडाशी रेंगाळणारा धूर लागे.