पोटात किती गेले, बाहेर किती आले?

घरातल्या आजारी माणसाचे खाणेपिणे आणि लघवी-शौच यांचा हिशेब ठेवणे हा परिचर्येचा पाया आहे. एक साधी वही आणि थोडे लक्ष, एवढ्यावर हे काम घरीही जमते.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी भट्टीत किती गेली आणि त्यातून लोखंड व मळी किती निघाली, याचा ताळमेळ बसला नाही तर भट्टीत काहीतरी बिघडले आहे हे जाणकार ओळखतात. याच गावात, सेक्टर ९ मध्ये, कारखान्याचे जवाहरलाल नेहरू हॉस्पिटल आहे. अशा कोणत्याही हॉस्पिटलच्या वॉर्डात परिचारिका रोग्याचाही असाच ताळमेळ ठेवतात. त्याला म्हणतात इनटेक-आऊटपुट चार्ट.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हा धडा अगदी सुरुवातीला मिळतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रोग्याच्या जेवणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मात्र रोगी घरी आला की हा चार्ट हॉस्पिटलातच राहतो, आणि घोटाळा सुरू होतो तो तिथूनच.

‘जेवले’ म्हणजे किती?

‘आजोबा जेवले का?’ या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळते, ‘हो, जेवले.’ परिचारिकेचे एवढ्याने समाधान होत नाही. ती ताटात काय उरले ते पाहते. अर्धी पोळी, दोन चमचे वरण आणि चार घास भात खाल्ला, तर तेवढेच लिहिते. मग कारण शोधते. कवळी सैल झाली आहे का? तोंड आले आहे का? गिळताना ठसका लागतो का? ठसका लागत असेल तर आडवे पडून भरवणे धोक्याचे. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. रोग्याला नीट बसवून भरवावे, जेवणानंतरही अर्धा तास बसते ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

शक्य असेल तर आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करावे. ६० किलोच्या माणसाचे वजन प्रयत्न न करता महिन्यात ३ किलो किंवा सहा महिन्यांत ६ किलो उतरले, तर ती गंभीर बाब समजतात. उभे राहता येत नसेल तर बांगड्या, अंगठी, ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या का ते पाहावे. पाय सुजलेले असतील तर मात्र काटा फसवतो. अंगातले पाणी वजन भरून काढते.

पाण्याचा हिशेब

साधारण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ६०० मिलिलिटर. खुणा केलेल्या भांड्यात मोजले की अंदाजाची गरज उरत नाही. पिण्याच्या बाजूला पाण्याबरोबर चहा, ताक, पेज, वरणाचे पाणीही धरायचे.

भिलाईत या हिशेबाला जास्तच महत्त्व आहे. २०१८ च्या पावसाळ्यात इथे डेंग्यूची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. डेंग्यूत ताप उतरू लागला की घरचे निर्धास्त होतात. खरा धोका अनेकदा त्याच वेळी असतो, कारण रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपू लागतो. अशा वेळी चार ते सहा तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नये.

छत्तीसगडात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. त्यांच्या अंगातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येऊ शकतो. एरवी लघवी गडद झाली की पाणी कमी पडले हे कळते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी दाट करणे जमत नाही, त्यामुळे पाणी कमी पडले तरी रंग फिकाच राहू शकतो. या रुग्णांच्या बाबतीत रंगावर न जाता पेले मोजावेत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाण्याचे माप पाळावे.

जुलाब की बद्धकोष्ठ?

सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. अंथरुणाला खिळलेल्या आजींचे कपडे दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचाने खराब होतात. घरचे म्हणतात जुलाब लागले. जेवण कमी करतात, जुलाब थांबवण्याची गोळी देतात. प्रत्यक्षात आतड्याच्या शेवटी कडक मळाचा गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. गोळीने हा अडथळा आणखी घट्ट होतो.

अनुभवी परिचारिका आधी विचारते, ‘याच्या आधी किती दिवस शौचाला झाली नव्हती?’ पोट फुगले आहे का, भूक गेली आहे का, तीव्र वेदनाशामक किंवा लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारते. खात्री डॉक्टर तपासून करतात. विचारल्याशिवाय घरी एनिमा देऊ नये.

शौचाचे वर्णन नेमके करता यावे म्हणून इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या डॉक्टरांचा सात प्रकारांचा तक्ता जगभर वापरतात. सुट्या कडक खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत त्याचे टप्पे आहेत. रंगही पाहावा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट, काळी आणि उग्र वासाची शौच म्हणजे पोटातला रक्तस्राव असू शकतो. लगेच हॉस्पिटल गाठावे.

लघवीतही अशीच गल्लत होते. म्हाताऱ्या पुरुषाची लघवी थेंबथेंब गळते म्हणून ताबा गेला असे वाटते. प्रोस्टेटमुळे मूत्राशय तुडुंब भरून ते ओसंडतही असेल. ओटीपोट टणक लागत असेल, माणूस अचानक बरळू लागला असेल, तर उशीर करू नये.

लाजेची किंमत

पुष्कळ वृद्ध ‘सुनेला पुन्हा पुन्हा उठवायला नको’ म्हणून पाणीच पीत नाहीत. ते तसे सांगतही नाहीत, ‘तहान नाही’ म्हणतात. यावर रागावून उपयोग नाही. दार लोटून घ्यावे, चादर आडवी धरावी, ठरावीक वेळी आपणच भांडे द्यावे, कपडे खराब झाले तर चेहऱ्यावर काही दाखवू नये. आपले ओझे होत नाही हे पटले की पेला आपोआप रिकामा होऊ लागतो.

वहीत पाच रकाने पुरेत : वेळ, काय खाल्ले, किती प्यायले, लघवी किती, शौच कशी. रात्री बेरीज करावी. डॉक्टरांकडे जाताना ही वही न विसरता बरोबर न्यावी. ‘बरे जेवतात, पोट ठीक आहे’ या उत्तरापेक्षा तिचे एक पान त्यांना अधिक सांगेल.