पिनबॉल यंत्रातील फ्लॅश दिवे

पिनबॉल यंत्रातील फ्लॅश दिवे हे खेळातील विशेष प्रसंगी क्षणभर प्रखरपणे चमकणारे दिवे होत. विल्यम्स कंपनीच्या १९८० च्या दशकातील सिस्टिम ११ आणि १९९० च्या दशकातील डब्ल्यूपीसी या प्रणालींच्या यंत्रांत ते सर्रास आढळतात. हे दिवे मंद झाल्यास दोष दिव्यात, रोधकात की वीजपुरवठ्यात आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

रचना

या यंत्रांत प्रामुख्याने ८९ व ९०६ क्रमांकांचे, सुमारे १३ व्होल्टचे टंगस्टन दिवे वापरतात. डब्ल्यूपीसीमध्ये त्यांना सुमारे २० व्होल्टचा पुरवठा मिळतो; मात्र तो क्षणभरच असल्याने दिवा टिकतो. थंड टंगस्टन तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे एक दशांश किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे दिवा लागताना विद्युतधारा एकदम वाढते व ट्रान्झिस्टरवर ताण येतो. म्हणून सिस्टिम ११ मध्ये दोन प्रकारचे रोधक योजले आहेत:

* मालिका रोधक: काही ओहमचा, दिव्यातून जाणारी धारा मर्यादित ठेवतो.
* तापन रोधक: काही शे ओहमचा, ट्रान्झिस्टर बंद असतानाही अल्प धारा वाहू देऊन तार कोमट ठेवतो.

दोषनिदान

एकच दिवा मंद असल्यास काळवंडलेला दिवा, चुकीच्या व्होल्टचा दिवा किंवा गंजलेले सॉकेट हे कारण संभवते. एकाच मंडलातील सर्व दिवे मंद असल्यास मालिका रोधक, त्याचा तडकलेला डाख व जोडण्या तपासतात. यंत्रातील सर्वच फ्लॅश दिवे मंद असल्यास दोष बहुधा पुरवठ्यात, म्हणजे दिष्टकारी, धारित्र किंवा करपलेल्या कनेक्टरमध्ये असतो.

किरकोळ वाटणारा रोधही प्रकाश बराच घटवतो. ८९ क्रमांकाचा दिवा सुमारे ०.५८ अँपिअर धारा घेतो. तेवढ्या धारेला ५ ओहमच्या रोधकावर सुमारे ३ व्होल्ट खर्च होतात. दिव्यावरील व्होल्टेज १० टक्के घटल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो.

तापन रोधक तुटला तरी दिवा लागतो, पण ट्रान्झिस्टरवरील ताण वाढतो. टंगस्टन दिव्याऐवजी एलईडी बसवल्यास याच रोधकातील अल्प धारेने तो सतत अंधूक उजळत राहू शकतो. अशा वेळी त्या मंडलातील तापन रोधक काढून टाकतात. टंगस्टन दिवा सतत प्रखर राहत असेल, तर मात्र ट्रान्झिस्टर लघुमंडलित झाल्याची शक्यता असते. यंत्र तसेच चालू ठेवल्यास मालिका रोधक करपतो.

दुरुस्ती व सुरक्षितता

यंत्राचा प्लग काढून, धारित्रे रिकामी झाल्यावर आणि रोधकाचे एक टोक सोडवून मल्टिमीटरने मोजमाप घेतात. नवा रोधक तितक्याच ओहमचा आणि तितक्याच किंवा अधिक वॅटचा असावा लागतो. उष्णता निघून जाण्यासाठी तो फलकापासून किंचित उंच बसवतात. मंदपणा घालवण्यासाठी मालिका रोधकाला थेट तारेने वळसा देणे किंवा मोठा फ्यूज बसवणे धोक्याचे असते. त्यामुळे ट्रान्झिस्टर व फलक जळू शकतो.