गिळलेला जंतू मरत नाही तेव्हा...

मैत्रिणींनो, सतत आजारी पडणारं मूल घरात असलं की पहिला ठपका कुणावर येतो, हे मी सांगायला नको. आमच्या ओळखीतल्या एका सुनेनं ‘तुझ्या माहेरचंच काहीतरी असणार’ हे तीन वर्षं ऐकलं. मुलाच्या काखेत गाठी, मग न्यूमोनिया, मग यकृतात गळू. दृष्टही काढून झाली. शेवटी मुंबईत निदान झालं, ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’. मी सोबत होते. डॉक्टरांकडून जे समजलं, ते सांगते.

रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि आत तीव्र रसायनं तयार करून त्यांना मारतात. या आजारात पेशी जंतू गिळतात खरा, पण ती रसायनं बनवणारी यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते. काही जिवाणू आणि बुरशी आत जिवंत राहतात. शरीर त्याभोवती पेशींचं कडं घालतं, त्याच्या गाठी होतात.

दाह आवरण्यातही याच यंत्रणेचा हात असतो. त्यामुळे जंतू नसतानाही आतड्याला सूज येते, शौचातून रक्त जातं, लघवीच्या वाटेत अडथळा येतो. तिथे कधी स्टेरॉइड द्यावं लागतं, पण त्यानं जंतूंना मोकळं रान मिळू नये, हेही बघावं लागतं. डॉक्टरांची तारेवरची कसरतच!

हा आजार बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या प्रकारात सदोष जनुक आई-बाबा दोघांकडून येतं. मामेभावाशी लग्न झालं असेल तर ही शक्यता वाढते. यात कुणी काही चुकीचं केलेलं नसतं.

‘डीएचआर’ ही तपासणी थोड्याशा रक्तावर होते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे अशा आजारांचं निदान होतं. निदानानंतर रोज जिवाणू आणि बुरशी रोखणारी औषधं घ्यावी लागतात. शेणखत, उकिरडा, कुजका पालापाचोळा यांपासून मुलाला लांब ठेवायचं, कारण तिथली बुरशी फुप्फुसात जाते. योग्य दाता मिळाला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं आजार बरा होऊ शकतो.

वर्षात दोनदा न्यूमोनिया, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही गुण नाही, खोलवर पुन्हा पुन्हा गळवं, बीसीजीची जागा चिघळणं... यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना ‘प्रतिकारशक्तीची तपासणी करायची का?’ असं स्पष्ट विचारा. घरात असा रुग्ण असेल तर पुढच्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. बाकीच्या लसी मात्र मनानं बंद करू नका.

तपासणीला जाताना जुने कागद, एक्स-रे सगळं न्या. माहेरी कुणी मामा, मावसभाऊ लहानपणीच गेला असेल तर तेही सांगा. आमच्या त्या सुनेला माहेरावरून टोमणे मिळाले. डॉक्टरांनी मात्र तीच माहिती आधी विचारली, आणि तिच्यावरूनच त्यांना निदानाची दिशा सापडली.