पाच मिलिमीटरचे मनगट

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेतील एखाद्या गृहस्थाच्या पित्ताशयात खडे झाले, तर त्याने सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाची वा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची वाट धरावी, पोटाला पाडलेल्या तीन-चार छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढून घ्यावे आणि लवकरच घरी परतावे, यात आता कोणाला नवल वाटत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ३१ मे १९९० रोजी डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी अशा रीतीने भारतातले पहिले पित्ताशय काढले, तेव्हा मात्र जाणत्या शल्यविशारदांपैकीही पुष्कळांनी भुवया उंचावल्या होत्या.

रुग्णाच्या या सोयीची किंमत शल्यविशारदाच्या मनगटाने चुकती केली. पोटाच्या भिंतीतून आत गेलेले सरळ, लांब हत्यार त्या छिद्राच्या टेकूवर तरफेसारखे फिरते. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. वर-खाली, डावी-उजवी, आत-बाहेर आणि स्वतःभोवती अशा चारच हालचाली त्याला शिल्लक राहतात. कापण्याला तेवढ्या पुरतात. परंतु ओटीपोटाच्या अरुंद पोकळीत वाकडी सुई हव्या त्या कोनातून ओवून टाका घालायचा म्हटला, म्हणजे टोकाशी मनगट नसल्याचे दुःख शल्यविशारदाला पदोपदी जाणवते.

शस्त्रक्रियेच्या रोबोटची खरी करामत आहे ती येथे. हे यंत्र आपल्या बुद्धीने काहीच कापत नाही. शल्यविशारद बाजूच्या आसनावर बसून हात हलवतो आणि त्याच हालचाली, कंप गाळून व लहान प्रमाणात, हत्याराच्या टोकाशी असलेला सांधा करतो. वर्तमानपत्रे यंत्राच्या 'मेंदू'चे गोडवे गातात, पण अभियंत्यांना अधिक घाम फोडला आहे तो या सांध्याने, असे माझे मत आहे.

सांध्यातच मोटर बसवावी, तर पाच-आठ मिलिमीटरच्या नळीत मावेल एवढ्या मोटरला पुरेसा जोर नसतो. शिवाय निर्जंतुकीकरणाच्या सुमारे १३४ अंश सेल्सिअस वाफेत ती टिकवणे हे निराळेच संकट. म्हणून मोटरी शरीराबाहेर ठेवतात आणि टंगस्टनच्या बारीक तंतूंची वळलेली तार नळीतून नेऊन, टोकाशी इवल्या कप्प्यांवरून वळवून सांधा ओढतात. आता माप घटवले की काय होते ते पाहा. तारेची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, कप्पीची त्रिज्या जाडीच्याच प्रमाणात लहान होते; परिणामी तोच आराखडा आठ मिलिमीटरवरून पाचवर आणला, तर सांध्याचा पीळ जेमतेम चौथाई उरतो. आणि लहान कप्पीवरून तार अधिक तीव्रतेने वाकते. सायकलच्या ब्रेकची तार ज्याने कधी बदलली असेल त्याने पाहिलेच असेल की ती एकाएकी तुटत नाही, वळणाच्या जागी एकेक तंतू उसवत जातो; येथेही तोच प्रकार, फक्त उसवण्याची जागा रोग्याच्या पोटात. मनगट वाकवले की हत्याराच्या टोकावरील जबड्याच्या तारांची लांबीही बदलते, तेव्हा जबडा आपोआप उघडू वा मिटू नये म्हणून संगणकाला क्षणोक्षणी हिशेब जुळवावा लागतो. तारांचे घर्षण ऊतींचा सूक्ष्म प्रतिकार गिळून टाकते, हे आणखी एक.

अमेरिकेत २००० साली मंजुरी मिळालेल्या 'दा विंची' यंत्राने आठ मिलिमीटरची हत्यारे रूढ केली. पुढे आलेल्या त्याच्या पाच मिलिमीटरच्या हत्यारांत कप्प्यांऐवजी मणक्यांसारखी चकत्यांची माळ होती. परंतु अशी माळ वळायला जागा फार घेते, आणि जागेचीच तर येथे टंचाई. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल या कंपनीने 'व्हर्सियस' या आपल्या यंत्रासाठी पाच मिलिमीटरचे मनगटयुक्त हत्यार केले, आणि बाहेरचा यांत्रिक हातही माणसाच्या खांदा-कोपर-मनगटावर बेतून इतका आटोपशीर केला की प्रत्येक हात स्वतंत्र गाड्यावर उभा राहू शकतो. हे यंत्र जिवंत मनुष्यावर प्रथम चालले ते केंब्रिजमध्ये नव्हे, तर २०१९ साली आमच्या पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात; तेथील डॉ. धनंजय केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताशय व गर्भाशय काढण्याच्या पहिल्या तीस शस्त्रक्रियांचा अंतरिम अहवाल पुढे रीतसर प्रसिद्धही केला.

जिल्ह्याच्या ठिकाणी या यंत्राची तजवीज करू पाहणाऱ्या विश्वस्तांची नजर साहजिकच यंत्राच्या किमतीवर खिळते. त्यांनी मनगटाची मुदतही विचारावी. 'दा विंची'ची बहुतेक हत्यारे आरंभी दहा वापरांपुरतीच असत. हत्यारातली चिप वापर मोजते आणि मुदत भरली की, हत्यार वरकरणी धडधाकट असले तरी, यंत्र ते स्वीकारीत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेत जी चार-दोन हत्यारे लागतील, त्यांतील प्रत्येकाचा दहावा हिस्सा त्या रुग्णाच्या बिलात आलाच. २०२० पासून कंपनीने काही हत्यारांची ही मर्यादा बारा ते अठरा वापरांपर्यंत वाढवली. दहाच्या जागी अठरा म्हणजे, हत्याराची किंमत तीच धरली तर, दर रुग्णामागचा त्याचा खर्च निम्म्याच्या जवळपास येतो.