डुकरांच्या ताटात घरचे कडधान्य

दुसऱ्याच्या कोठारावर घर चालवले की काय होते, हे युरोपला १९७३ च्या उन्हाळ्यात कळले. ज्या अँकोव्ही माशांच्या भुकटीवर जगभरची जनावरे पोसली जात, ते मासे पेरूच्या किनाऱ्यावरून आदल्याच वर्षी दिसेनासे झाले होते. साहजिकच सगळे सोयाबीनकडे वळले, भाव भडकले आणि जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच रोखली. बंदी फार टिकली नाही, पण युरोपातल्या वराहपालकांच्या तोंडचे पाणी पळाले. आपल्याच शेतात वाटाणा आणि बाकला पिकावा म्हणून १९७८ पासून तिथे सरकारी मदत सुरू झाली.

तरीही सोयापेंडीची सवय सुटली नाही. उलट ‘वेड्या गाई’च्या रोगानंतर २००१ मध्ये हाडामांसाची भुकटी पशुखाद्यातून हद्दपार झाली (२०२१ मध्ये हा नियम थोडा सैल झाला), तेव्हा ब्राझील-अर्जेंटिनाच्या जहाजांकडे डोळे आणखीच लागले. आपल्याकडे निदान सोयाबीन विदर्भ-मराठवाड्याच्या रानातच पिकते. उत्तर युरोपच्या थंडीत ते सहजी येत नाही.

बाकल्यात २५ ते ३० टक्के प्रथिने असतात, वाटाण्यात त्याहून थोडी कमी. सोयापेंडीत ती ४४ ते ४८ टक्के. म्हणजे दाणे जास्त घालावे लागतात. शिवाय त्यांत मेथिओनिन हा घटक तोकडा पडतो. आपल्या आजीने हे नाव ऐकले नव्हते, पण वरणाबरोबर भात तिने वाढलाच! डाळीत जे कमी ते तांदळात, तांदळात जे कमी ते डाळीत. डुकराच्या ताटातही हाच हिशेब आहे. गहू-जवाच्या भरड्यात बाकला मिसळायचा आणि उरलेली तूट कारखान्यात बनवलेल्या अमिनो आम्लाच्या चिमटीने भरायची. रंगीत फुलांच्या बाकल्याच्या सालीत टॅनिन असते. फार उकळलेल्या चहाने जीभ तुरट होते ना, तेच हे. पांढऱ्या फुलांच्या वाणांत ते कमी.

ब्रिटनमधल्या ‘ग्रीन पिग’ प्रकल्पात वाढत्या डुकरांच्या खाद्यात ३० टक्क्यांपर्यंत वाटाणा किंवा बाकला घालून सोयापेंड वगळून पाहिली. बाकीचे घटक नीट जुळवले, तेव्हा डुकरांची वाढ मंदावली नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते डुकराच्या पोटात नाही, बाजारात. खाद्य-कारखान्याला बारा महिने एकसारखा माल हवा. सोयापेंड तशी मिळते. बाकला मात्र एका कोरड्या उन्हाळ्याने निम्म्यावर येतो, मग शेतकरी गव्हाकडे वळतो. बाकल्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि पुढच्या गव्हाचा खताचा खर्च वाचवतात, हे खरे. पण ती बचत पडते शेतकऱ्याच्या वहीत आणि खाद्याचा भाव ठरतो कारखान्याच्या वहीत.